विहिरीतल्या गारगोटीपासून कॅटॅलिस्ट : प्रकल्प नोंदी, धुळे

१८ जुलै २०२४

विषय पक्का झाला. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड अमोनियाच्या मदतीनं मोडणारा कॅटॅलिस्ट (स्वतः न खपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) स्वतः बनवायचा आणि आपल्याच लॅबमधल्या इंजिनावर तपासायचा. शेवटच्या वर्षाची चार मुलं आहेत, तिघं मेकॅनिकलची आणि एक मुलगी केमिकलची. मेकॅनिकलची बाजू मी बघणार, रसायनाची बाजू मॅडम.

कच्चा माल बाजारातून आणायचा नाही असं ठरलं, कारण तो साक्रीकडच्या एका मुलाच्या बांधावर पडलेला आहे. उन्हाळ्यात त्यांनी विहीर खोल केली. काळ्या पाषाणात सुरुंग उडाल्यावर पोकळ्या फुटल्या आणि त्यातून पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक निघाले. गावात या सगळ्याला सरसकट गारगोट्या म्हणतात. पोरगं पिशवी भरून घेऊन आलं. टेबलावर ओतल्याबरोबर मॅडमनी त्यातला एक खडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा चाबाझाइट असेल तर सर, तुमचा विषय ठरला."

कारण असं. चाबाझाइट हा झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या चौकटीत बारीक पोकळ्या असलेलं खनिज. आजच्या बीएस-६ (भारत स्टेज-६, धुराचं सरकारी मानक) ट्रकांमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा जो तांबेयुक्त झिओलाइट वापरतात, त्याच्या अणूंची चौकट नेमकी चाबाझाइटची असते. कारखान्यात बनणाऱ्या त्या पदार्थाला एसएसझेड-१३ म्हणतात. शेवरॉन कंपनीतल्या स्टेसी झोन्स यांनी तो तयार केला, पेटंट १९८५चं. आपल्या दख्खनच्या लाव्हात मात्र तीच चौकट निसर्गानं करून ठेवली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे पोकळ्या म्हणून राहिले, पुढे त्यांतून कोमट खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि झिओलाइट साचले. प्रश्न एकच ठेवला आहे: विहिरीतला दगड कारखान्याच्या पावडरीचं काम करेल का, आणि करत असेल तर कुठे?

२ ऑगस्ट

मुलांना पाया समजावला. पुढे वहीत कुणी विचारलं तर उत्तर हवं म्हणून इथे थोडक्यात.

डिझेलमध्ये नायट्रोजन जवळपास नसतो. नायट्रोजन येतो हवेतून. सिलिंडरमध्ये ज्योत १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळून नायट्रिक ऑक्साइड बनतो, धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांतला मुख्य. ही साखळी झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात मांडली. म्हणजे इंधन जितकं चांगलं, जितकं गरम जळेल तितका हा वायू जास्त. ज्योत थोडी थंड करायची म्हणून धुराचाच काही भाग परत इंजिनात सोडतात, पण मग काजळी वाढते. एक दाबावं तर दुसरं वर येतं, म्हणून उरलेलं काम धुराच्या नळीत करावं लागतं.

पेट्रोल गाडीतला प्लॅटिनम-पॅलॅडियम-ऱ्होडियमचा कॅटॅलिस्ट इथे का चालत नाही, हा प्रश्न दर वर्षी येतो. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ असं बांधून ठेवता येतं, धुरात मोकळा ऑक्सिजन उरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नायट्रिक ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर असतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड त्याच्याकडेच जातो. इथे असा कुणीतरी हवा की जो ऑक्सिजनच्या गर्दीतही नायट्रिक ऑक्साइडलाच गाठेल. तो अमोनिया. चार रेणू नायट्रिक ऑक्साइड, चार रेणू अमोनिया, एक रेणू ऑक्सिजन, यांतून चार रेणू नायट्रोजन आणि सहा रेणू पाणी. मूळ पेटंट अमेरिकेत १९५७ साली एंगलहार्ड कंपनीचं, मोठ्या प्रमाणावर वापर पहिल्यांदा जपानमध्ये.

आकडे फळ्यावर लिहून ठेवले. अवजड गाड्यांसाठी बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ ग्रॅम प्रति किलोवॉट-तास होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती स्थिर चाचणीसाठी ०.४० झाली. इतकी मोठी उडी निव्वळ इंजिनाच्या सुधारणेतून मारता येत नाही.

२७ ऑगस्ट

दगड निवडण्यात बरेच दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते. पिशवीत चार प्रकारचे स्फटिक एकत्र होते. मोत्यासारखी चकाकी आणि जुडीसारखा आकार असलेले ते स्टिल्बाइट. शवपेटीच्या आकाराचे चपटे ते ह्यूलँडाइट. काचेसारखे स्वच्छ, चौकोनी टोकाचे ॲपोफिलाइट, जो झिओलाइट नाहीच. आणि घनाकृती वाटणारे, पण कोपरे किंचित तिरके असलेले छोटे स्फटिक ते चाबाझाइट. हे शेवटचे फार थोडे निघाले, म्हणून साक्रीला परत जाऊन उपसलेल्या दगडांचा ढीग हातानं वेचला. मुलाचे वडील स्वतः बसून वेचू लागले. त्यांचा हात आणि नजर आमच्यापेक्षा तयार होती. एकदा दाखवल्यावर त्यांनी एकही चुकीचा खडा डब्यात टाकला नाही.

कुटून, चाळून भुकटी एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) पाठवली होती, अहवाल आला. चाबाझाइट पक्का, सोबत थोडा कॅल्साइट. कॅल्साइट पातळ ॲसेटिक आम्लानं धुऊन काढायचा. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण दोनच्या थोडं वर आलं. कारखान्याच्या एसएसझेड-१३ मध्ये हे प्रमाण कित्येक पट जास्त असतं. मॅडम म्हणाल्या, सगळी गंमत आणि सगळा धोका या एका आकड्यात आहे. ॲल्युमिनियम जास्त म्हणजे तांब्याला बसायला जागा जास्त, पण गरम वाफेत चौकट ढासळण्याची भीतीही जास्त.

१३ सप्टेंबर

चाचणीची मांडणी उभी राहतेय. पूर्ण धुरावर कॅटॅलिस्ट बसवण्याइतका माल आपल्याकडे नाही, म्हणून पाच हॉर्सपॉवरच्या एक सिलिंडर इंजिनाच्या धुरातून मिनिटाला १० लिटरचा फाटा काढायचा. फाट्यावर आधी काजळी अडवायला क्वार्ट्झ वूल, मग ३५० अंशांवर ठेवलेली स्टीलची नळी, तिथे युरियाचं पाणी थेंबाथेंबानं पडेल आणि मोडून अमोनिया होईल, मग विजेच्या भट्टीत कॅटॅलिस्टचा तुकडा. तुकडा २५ मि.मी. व्यासाचा, ५० मि.मी. लांबीचा, कॉर्डिएराइट हनीकॉम्बचा (पोळ्यासारखी आरपार छिद्रं असलेला सिरॅमिक ठोकळा), चौरस इंचाला ४०० छिद्रं. या हिशेबानं धुराचा वेग ताशी सुमारे २५ हजार तुकडा-घनफळं पडतो. ट्रकमधल्या वेगाच्या जवळपासचा, थोडा सौम्य.

युरियाचा हिशेब मुलांनी स्वतः मांडला, छान मांडला. एका युरियातून दोन अमोनिया. म्हणजे ३० ग्रॅम नायट्रिक ऑक्साइडला बरोबर ३० ग्रॅम युरिया. धुरात ७०० पीपीएम (दहा लाख भागांत ७००) असेल तर आपल्या फाट्याला मिनिटाला जेमतेम ९ मिलिग्रॅम. इतकं कमी मोजून सोडणं अवघड, म्हणून ३२.५ टक्क्यांचं द्रावण दहापट पातळ करून सिरिंज पंपानं मिनिटाला पाव मिलिलिटर.

एक मुलगा फिटिंगसाठी पितळेचे निपल आणि तांब्याची बारीक नळी घेऊन आला. इथून सोनगीर जवळ, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, त्याचे मामा तिथलेच. हातातली वस्तू चांगली होती, पण परत पाठवावी लागली. अमोनियायुक्त द्रावण तांबं आणि पितळ खातं, आणि युरियाच्या द्रावणात किलोला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं चालत नाही असं या द्रावणाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २२२४१, सांगतं. झिओलाइटच्या पोकळीत बसलेलं तांबं काम करतं, द्रावणात विरघळून आलेलं तांबं मात्र नोझलपासून पुढे सगळीकडे अनियंत्रित पसरतं. स्टेनलेस स्टील आणि एचडीपीई, दुसरं काही नाही.

७ ऑक्टोबर

कॅटॅलिस्ट दोन वाटांनी करायचा ठरवलं, मुद्दाम.

पहिली वाट पुस्तकातली. भुकटी अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात ८० अंशांवर ढवळत ठेवायची, म्हणजे दगडातले कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम बाहेर येतात आणि अमोनियम आत जातं. हे पुन्हा पुन्हा, मग कॉपर ॲसिटेटच्या द्रावणात. दुसरी वाट मॅडमची: अमोनियमची पायरी गाळायची, सरळ कॉपर ॲसिटेट. त्यानं दगडातलं काही कॅल्शियम-पोटॅशियम जागेवरच राहतं. त्यांचं म्हणणं, सगळ्या जागा रिकाम्या केल्या तर भट्टीत अमोनियम उडून गेल्यावर ॲल्युमिनियमजवळ नुसते प्रोटॉन उरतात, आणि वाफ तिथूनच चौकट उचकटते. जड आयन पहारेकऱ्यासारखे राहू द्यावेत.

दोन्ही भुकट्या धुतल्या, ११० अंशांवर वाळवल्या. फिकट आकाशी रंग आला. मग ५५० अंशांवर भाजल्या.

एक्सआरडी परत आला तेव्हा फरक उघड दिसला. पहिल्या वाटेच्या नमुन्याची आलेखातली शिखरं (ती उंच म्हणजे स्फटिक शाबूत) नुसत्या भाजण्यानंच बसकी झाली होती. दुसऱ्या वाटेची जवळपास मूळ दगडासारखी उभी. पुढचं सगळं काम दुसऱ्या वाटेवर.

२१ नोव्हेंबर

दिवाळीनंतर इंजिन चालू झालं. कॅटॅलिस्टशिवायचे आकडे आधी. बिनभाराचं इंजिन: धूर १४० अंश, नायट्रिक ऑक्साइड २०० पीपीएमच्या आत. अर्ध्या भाराला २५० अंश. पूर्ण भाराला ४१० अंश आणि ९०० पीपीएमच्या वर.

या तीन ओळींत अर्धा विषय आहे. २०० अंशांच्या खाली युरिया नीट मोडत नाही, त्यामुळे गाडीचा संगणकही साधारण १८०-२०० अंश झाल्याशिवाय फवारा सुरू करत नाही. आत्ता कापसाचा हंगाम आहे. जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रक रांगेत उभे असतात, इंजिन चालू ठेवून, तासन् तास, मग वीस फूट पुढे, मग परत उभे. त्या रांगेतल्या बीएस-६ ट्रकचा कॅटॅलिस्ट कितीही भारी असला तरी तो थंड आहे. तिथे शेतकरी बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन त्याच धुरात उभा असतो. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी आपल्याकडे हवेचं २४ तासांचं मानक ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, वार्षिक ४०. रांगेत उभ्या माणसाच्या तोंडाशी ते कुणी मोजत नाही. माझं स्पष्ट मत: जिनिंगवाल्यांनी टोकन देऊन गाड्या बाहेर इंजिन बंद करून उभ्या करायला लावल्या तर त्या दिवशीचा फायदा आमच्या कोणत्याही कॅटॅलिस्टपेक्षा मोठा असेल.

१६ डिसेंबर

सगळ्यात आनंदाचा दिवस.

आधी कोरा हनीकॉम्ब भट्टीत ठेवला, लेप नसलेला, आणि युरिया सोडला. नायट्रिक ऑक्साइड जागचा हलला नाही. हे करणं फार गरजेचं होतं, कारण आता पुढे जे घटेल ते लेपामुळेच घटलं असं म्हणता येईल. मग आपल्या दगडाचा लेप दिलेला तुकडा. लेप चिकटायला कोलॉइडल सिलिका वापरली आहे, बुडवून छिद्रं हवेनं मोकळी केली आणि पुन्हा भाजला.

इंजिन तीन-चतुर्थांश भारावर स्थिर, धुरात ७०० पीपीएमच्या आसपास. भट्टी २०० अंशांवर: साधारण एक तृतीयांश घट. २५० वर निम्म्याहून जास्त. ३०० वर ७०० चे १९० उरले. आकडा उतरत गेला तसा लॅबमध्ये कुणी बोलेना. विहिरीतून निघून बांधावर पडलेला दगड, त्यात थोडं तांबं, आणि चारातले जवळजवळ तीन भाग विषारी वायू साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतोय. ४०० च्या वर मात्र काम उतरायला लागलं. तिथे अमोनिया नायट्रिक ऑक्साइडला गाठण्याआधी ऑक्सिजनबरोबरच जळतो.

विकतचा तांबे-चाबाझाइट तुकडा तुलनेला होता. तो २०० अंशांवरच आपल्या खूप पुढे आहे आणि ३०० ला ९० टक्क्यांवर जातो. व्हॅनेडियम-टायटॅनियाचा तुकडा २०० ला मागे, ३५० ला उत्तम. व्हॅनेडियम स्वस्त, गंधकाला न घाबरणारा, पण ६०० अंशांच्या आसपास खराब होतो.

साक्रीला फोन लावला. पोराच्या वडिलांनी विचारलं, "मंग आखो काढू का दगड?"

९ जानेवारी २०२५

थंडी कडाक्याची. मुलांनी विचारलं, युरियाचं पाणी गोठेल का? ते उणे ११ अंशांना गोठतं, धुळ्यात ती काळजी नाही. आपली काळजी उन्हाळ्याची, ती पुढे येईलच.

या आठवड्यात निसटणारा अमोनिया तपासला. नायट्रिक ऑक्साइड कमी झाला आणि बदल्यात अमोनिया हवेत सोडला तर काही कमावलं नाही. वायू मोजणाऱ्या ॲनालायझरच्या आधी पातळ फॉस्फोरिक आम्लाची बाटली ठेवली आहे, ती अमोनिया धरते आणि यंत्राचा सेलही वाचवते. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही म्हणून तो पुढे जातो. धुरातला थोडा नायट्रोजन डायऑक्साइड त्या बाटलीत अडकतो, पण आपल्या इंजिनाच्या कच्च्या धुरात त्याचा वाटा लहान आहे. तरीही अहवालात हे स्पष्ट लिहायचं, असं मुलांना बजावलं.

बाटलीतल्या पाण्याला नेसलर (अमोनिया असेल तर रंग देणारं रसायन) लावला. ३०० अंशांवर जेमतेम पिवळट. २०० वर गडद तपकिरी. म्हणजे थंड असताना दिलेला अमोनिया वाया जातो आणि बाहेर पडतो. दगडाची अमोनिया धरून ठेवण्याची ताकद मात्र दांडगी आहे. युरिया बंद केल्यावरही बराच वेळ नायट्रिक ऑक्साइड दबलेला राहतो, आत साठवलेला अमोनिया खर्च होत राहतो. ॲल्युमिनियम जास्त असण्याचा हा फायदा. सतत थोडाथोडा न सोडता साठवून वापरायची पद्धत बसवता येईल.

६ फेब्रुवारी

आग्रा रोडवरच्या एका गॅरेजला मुलांना घेऊन गेलो. मिस्तरी अण्णांनी एका ट्रकची धुराची नळी उघडून ठेवली होती. फवारा पडतो त्या जागी पांढरा, दगडासारखा टणक थर, नळी अर्धी बुजलेली. छिन्नीनं ठोकून काढत होते. युरियाचं पाणी थंड भिंतीवर पडलं की सगळंच अमोनिया होत नाही. मधल्या पायरीवर बनलेलं आयसोसायनिक आम्ल उरलेल्या युरियाशी जुळून बाययुरेट आणि स्वतःशीच जुळून सायन्युरिक आम्ल बनवतं. एकदा साचलं की ३५० अंशांच्या आत हटत नाही, आणि हळू चालणाऱ्या गाडीला ते तापमान मिळतच नाही.

ड्रायव्हर अमळनेरकडचा. मनमोकळेपणानं म्हणाला, "सर, युरिया त युरियाच शे. गोणीना काय अन् डब्बाना काय?" बादलीत शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतणारे रस्त्यावर भेटतात, हे अण्णांनीही सांगितलं.

मी तिथेच बसून सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो, कारण यात माणसाचं नुकसान होतं. शेतीच्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं, पिकाला ते सोसतं. धुरासाठीच्या द्रावणात मर्यादा ०.३ टक्के. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप नोझलमध्ये जातो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम द्रावणातल्या किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कित्येक पट असतं. पाणी उडून जातं, कॅल्शियम कॅटॅलिस्टच्या तोंडावर बसून राहतं. ४५ किलोची गोणी ज्या अनुदानातून स्वस्त मिळते ते अनुदान पिकासाठी आहे, आणि गोणी टाकीत गेली की पेरणीच्या वेळी रांगेतल्या कुणाला तरी ती कमी पडते. ड्रायव्हर ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, मालकाला सांगा, तयार द्रावणाचा डबा मला परवडत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. द्रावणाचा खर्च डिझेलच्या तीन ते सहा टक्क्यांच्या घरात पडतो आणि भाडं ठरवताना तो कुणी धरत नाही. हा प्रश्न ड्रायव्हरच्या पातळीवर सुटणारा नाही, भाडं ठरवणाऱ्याच्या पातळीवरचा आहे.

अण्णांनी फवारा बंद करून संगणकाला फसवणाऱ्या चिपबद्दलही सांगितलं. ते स्वतः बसवत नाहीत. अशा गाडीतून किती नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडत असेल त्याचा हिशेब मुलांनी परतीच्या वाटेवर केला. बीएस-६च्या इंजिनात ज्योत गरम ठेवून डिझेल वाचवलेलं असतं आणि पुढचं काम कॅटॅलिस्टवर सोडलेलं असतं. कॅटॅलिस्ट गेला की ती गाडी जुन्या गाडीसारखी, कधी तिच्यापेक्षाही वाईट.

७ मार्च

वार्धक्याची चाचणी. ७०० अंश, दहा टक्के वाफ, १६ तास. ट्रकच्या कॅटॅलिस्टला असं तापवून बघण्याचा प्रघात आहे.

विकतचा तुकडा बाहेर आला, परत लावला, काही टक्क्यांचाच फरक. आपला तुकडा ३०० अंशांवर ७० टक्क्यांहून अधिक काम करत होता, तो आता दहाच्या आसपास. एक्सआरडीत चाबाझाइटची शिखरं नाहीत, नुसता फुगवटा. चौकट संपली. रंगही आकाशीचा करडा झाला, तांबं बाहेर पडून ऑक्साइडच्या कणांत गोळा झालेलं.

मॅडमनी सप्टेंबरआधीच हा धोका सांगितला होता. मुलं हिरमुसली आहेत. पण हा निकाल अहवालात पहिल्या पानावर जाईल, कारण डिसेंबरचा आकडा एकटा छापला तर तो वाचणाऱ्याची दिशाभूल करेल. ताज्या कॅटॅलिस्टचा आकडा कुणीही दाखवू शकतं. वापरून थकलेल्या कॅटॅलिस्टचा आकडाच खरा.

२७ मार्च

तीन आठवडे एकाच प्रश्नावर बोलतोय: हे ७०० अंश येतात कुठून? आपल्या इंजिनाचा धूर पूर्ण भाराला ४१० अंश. ट्रकमध्येही इंजिनातून इतका गरम धूर क्वचितच येतो. ते तापमान येतं काजळीच्या गाळणीमुळे. गाळणी भरली की आत जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळतात, आणि ती आग लगेच मागे बसलेल्या कॅटॅलिस्टवर येते. म्हणून ट्रकला एसएसझेड-१३ लागतो, आणि त्याला पर्याय म्हणून हा दगड पुढे करणं चूक ठरेल.

मात्र शेतावरच्या, वीटभट्टीवरच्या, खडी क्रशरवरच्या एकाच भारावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाला ती गाळणी नसते. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस नियम लागू आहेत, आणि ५६ ते ५६० किलोवॉटच्या संचांना नायट्रोजन ऑक्साइडसाठी ०.४० ग्रॅमची मर्यादा आहे. लहान संचांना ती तितकी कडक नाही, नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ किंवा अधिक. जुनी इंजिनं तर या सगळ्याच्या बाहेरच. दिवसभर एका भारावर, धूर ३०० ते ४०० अंशांवर स्थिर. डिसेंबरमध्ये आपला दगड नेमका याच पट्ट्यात चांगला चालला होता.

मग चाचणीही त्या इंजिनाची हवी. ४५० अंश, इंजिनाच्या स्वतःच्या धुरातलीच वाफ, आणि १६ ऐवजी १०० तास. इंजिन पाळीपाळीनं चालवायचं ठरलं. डिझेल १० पीपीएम गंधकाचंच, पंपावरचं बीएस-६. तांब्याला गंधक मानवत नाही, आणि पूर्वीच्या ५० पीपीएमच्या डिझेलवर हा प्रयोग सुरूच करता आला नसता.

२४ एप्रिल

लॅबच्या भिंतीवरचा थर्मामीटर दुपारी ४२. पत्र्याच्या शेडमध्ये तर बघायलाच नको.

युरियाच्या डब्यांची चाचणी याच महिन्यासाठी राखून ठेवली होती. चांगल्या द्रावणाचे डबे फेब्रुवारीपासून तीन ठिकाणी आहेत: तळमजल्यावर अंधाऱ्या खोलीत, पत्र्याखाली सावलीत, आणि उघड्यावर उन्हात. आज रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून द्रावण किती घट्ट ते सांगणारं यंत्र) लावला. २० अंशांना मानकाचा पट्टा १.३८१४ ते १.३८४३. तळमजल्यावरचा डबा पट्ट्यात. उन्हातला, झाकण ढिलं होतं तो, पट्ट्याच्या वर गेला, पाणी उडून घट्ट झालेला. उघडताना अमोनियाचा वास नाकात बसला, युरिया डब्यातच मोडायला लागला होता. २५ अंशांखाली दीड वर्ष टिकणारं द्रावण ३५ अंशांना सहा महिन्यांच्या आसपासच टिकतं असं मानकच सांगतं. इथे मार्च ते जून डबा त्याच्याही वर असतो.

खानदेशात हे सांगायलाच हवं, कारण धाब्यांच्या, पंपांच्या बाहेर डब्यांची चळत उन्हात रचलेली दिसते. सावली, बंद झाकण, आणि पावसाळ्यापर्यंतचा साठा एकदम न घेणं, एवढंच करायचं आहे. मुलांनी मराठीत एक पानी सूचना लिहिली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जाताना प्रत्येकानं आपल्या रस्त्यावरच्या पंपावर लावून यायची.

२२ मे

१०० तास पूर्ण झाले. तुकडा काढला. रंग अजून आकाशी, तोंडाशी काजळीचा पातळ थर. एक्सआरडीची शिखरं थोडी रुंद झाली आहेत, पण उभी आहेत.

३०० अंशांवर घट ६० टक्क्यांच्या थोडी वर. डिसेंबरमध्ये ७०हून जास्त होती. ३५० वर जवळपास तेवढीच. २०० वर मात्र बरीच उतरली, तिथे गंधकाचा हात असावा. तुकडा ५५० अंशांवर तासभर तापवून पुन्हा बघितला तर काही भाग परत आला. म्हणजे एवढं म्हणता येतं: गाळणी नसलेल्या, एकाच भारावर चालणाऱ्या लहान इंजिनावर हा दगड टिकण्याची खरी शक्यता आहे. ट्रकवर नाही.

१०० तास म्हणजे शेतातल्या पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचा एक हंगामसुद्धा नाही, त्यामुळे पुढच्या तुकडीसाठी कामं लिहून ठेवली. पूर्ण धुरावर बसेल एवढा हनीकॉम्ब लेपायचा, त्याला किलोंमध्ये चाबाझाइट लागेल, तेव्हा स्टिल्बाइटवरही तांबं बसवून बघायचं, तो इथे भरपूर निघतो. फवाऱ्यासाठी भारावरून चालणारा साधा पंप, २५० अंशांखाली आपोआप बंद होणारा. इंजिन ऑइलमधला फॉस्फरस तोंडाशी किती बसतो ते मोजायचं. वापरलेल्या तुकड्यातलं तांबं पाण्यात उतरतं का तेही बघायचं, कारण तो शेवटी कुणाच्या तरी शेतातच टाकला जाईल.

साक्रीहून दोन गोण्या स्फटिक निघाले आहेत, सोमवारी एसटीच्या पार्सलनं येतील. वेचून, प्रकारवार वेगळे करून पाठवलेत.